जाळ्यातले बेवारस बोगदे

२७ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान, जर्मनी आदी तेरा देशांच्या सुरक्षा यंत्रणांनी एक संयुक्त सूचनापत्र प्रसिद्ध केले. चीनशी संबंधित हल्लेखोर किमान २०२१ पासून जगभरच्या दूरसंचार, शासकीय, वाहतूक, हॉटेल व्यवसाय आणि लष्करी जाळ्यांत शिरकाव करीत आहेत, असे त्यात नमूद होते. चीनने असे आरोप वेळोवेळी फेटाळले आहेत. पत्रावर सही करणाऱ्या देशांत भारत नाही. तरीही त्यातील एक तपशील भारतातील प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याने भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. हल्लेखोर राउटर आणि स्विच यांसारख्या उपकरणांत शिरल्यावर तेथे ‘टनेल’ उभारतात आणि त्यातून माहिती बाहेर नेतात, असे हे पत्र सांगते. आपल्या उपकरणांवर अनपेक्षित टनेल आहेत काय, हे तपासण्याचा सल्लाही ते देते.

टनेल म्हणजे बोगदा. बोगदा बिघडला की काय होते हे गोमंतकीयांना ठाऊक आहे. जुलै २०२४ मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी झिरपले, तेव्हा कोकण रेल्वेची वाहतूक थांबली, गाड्या रद्द झाल्या, काही दुसऱ्या मार्गाने वळवल्या गेल्या. संगणकीय जाळ्यातील बोगद्याचे याच्या उलट असते. तो नको त्या ठिकाणी निघाला तरी काहीही थांबत नाही. दाखले मिळत राहतात, बिले भरली जातात, फायली पुढे सरकतात. त्यामुळे कोणी तक्रार करीत नाही आणि कोणी शोधही घेत नाही.

लिफाफ्यात लिफाफा

इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक माहिती लहान लहान पाकिटांत विभागलेली असते. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो. कार्यालयांच्या अंतर्गत जाळ्यांतील पत्ते मात्र बाहेरच्या इंटरनेटला ओळखता येत नाहीत. पणजीतील मुख्य कचेरी आणि काणकोणातील शाखा यांना सार्वजनिक जाळ्यावरून एकमेकींशी बोलायचे असेल, तर आतले पाकीट जसेच्या तसे एका दुसऱ्या लिफाफ्यात घालावे लागते. बाहेरच्या लिफाफ्यावर दोन्ही टोकांच्या उपकरणांचे सार्वजनिक पत्ते लिहिले जातात. पलीकडचे उपकरण बाहेरचा लिफाफा फाडते आणि आतले पाकीट आपल्या जाळ्यात सोडते. मधल्या वाटेवरील कोणत्याही राउटरला आतला पत्ता पाहण्याची गरज पडत नाही. यालाच आयपी टनेल म्हणतात.

ही कल्पना नवी नाही. जीआरई या टनेल पद्धतीचे पहिले जाहीर वर्णन १९९४ चे आहे, तर आयपी पाकिटात आयपी पाकीट घालण्याची साधी पद्धत १९९६ मध्ये नोंदली गेली. पुढे आयपी पत्त्यांचा जुना साठा अपुरा पडू लागला. जुन्या पद्धतीत पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटी आहे. जागतिक साठ्यातील शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले. त्यानंतर नव्या आयपीव्ही६ पद्धतीची पाकिटे जुन्या जाळ्यांतून नेण्यासाठीही टनेलच कामी आले. बँका, रुग्णालये, विद्यापीठे, शासकीय खाती यांचे रोजचे व्यवहार आज अशा बोगद्यांतून चालतात. टनेल हे मुळात उपयोगी आणि आवश्यक साधन आहे.

सहा ओळींचे बांधकाम

डोंगरातला बोगदा खोदायला वर्षे लागतात. स्विचवरील बोगद्याला जेमतेम सहा ओळी पुरतात. त्यासाठी मार्ग ठरवण्याची क्षमता असलेला, म्हणजे तिसऱ्या स्तरावर काम करणारा स्विच लागतो. अभियंता प्रथम टनेलची सुविधा सुरू करतो आणि ‘टनेल इंटरफेस’ नावाचे एक काल्पनिक दार तयार करतो. मग तो बोगद्याचे अलीकडचे टोक, पलीकडचे टोक, टनेलचा प्रकार आणि या दाराचा स्वतःचा आयपी पत्ता लिहितो. शेवटी कोणती पाकिटे या दाराने जावीत, हे मार्ग-कोष्टकात नोंदवले की काम संपते. वर्णनासाठी आणखी एक ओळ लिहिण्याची सोय असते. हा बोगदा कोणासाठी आणि कशासाठी, हे तेथे लिहावे अशी अपेक्षा असते. ती ओळ ऐच्छिक आहे, आणि पुढची बरीचशी कथा या ऐच्छिकपणातून घडते.

सोप्या वाटणाऱ्या या कामात काही खाचखळगे आहेत. सर्वसाधारण जाळ्यात एका पाकिटाचा आकार जास्तीत जास्त १५०० बाइट असतो. जीआरई टनेलचा बाहेरचा लिफाफा त्यातले २४ बाइट घेतो आणि आतल्या पाकिटासाठी १४७६ उरतात. ही वजाबाकी कोणी लक्षात घेतली नाही, तर एक चमत्कारिक बिघाड उद्भवतो. संकेतस्थळ उघडते, नाव व परवलीचा शब्द स्वीकारला जातो, पण दस्ताची मोठी फाइल चढवायला घेतली की ती अडकून बसते. लहान पाकिटे जातात, मोठी जात नाहीत. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगितले जाते, वास्तविक सर्व्हर ठणठणीत असतो.

दुसरा खळगा अधिक गंभीर आहे. साध्या जीआरई टनेलला पलीकडे कोणी आहे की नाही, याची पर्वा नसते. पलीकडच्या पत्त्यापर्यंत जाणारा मार्ग कोष्टकात असला, की उपकरण ‘टनेल सुरू आहे’ असे दाखवते. पलीकडचे यंत्र बंद पडले असेल, विकले गेले असेल, तो पत्ता दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात गेला असेल, तरी पडद्यावर हिरवा दिवाच दिसतो. जिवंतपणा तपासण्याची सोय वेगळी असते आणि ती मुद्दाम सुरू करावी लागते.

ओळख न विचारणारे दार

साध्या टनेल पद्धती ज्या काळात घडल्या, त्या काळात जाळ्यावरील माणसे एकमेकांवर विश्वास ठेवीत. आयपीमध्ये आयपी घालण्याच्या मूळ पद्धतीत पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची तरतूद नाही. जीआरईमध्ये एक किल्ली लिहिता येते, पण ती उघड्या अक्षरांत प्रवास करते. मजकूर गुप्त ठेवायचा आणि पाठवणाऱ्याची खात्री करायची, तर आयपीसेकसारखी सुरक्षित पद्धत स्वतंत्रपणे जोडावी लागते. हे जोडणे अनेक ठिकाणी राहून जाते.

त्याचे परिणाम दोनदा ठळकपणे पुढे आले. जून २०२० मध्ये सिस्को कंपनीच्या नेक्सस मालिकेतील स्विचांच्या प्रणालीत एक दोष जाहीर झाला. कोणीही टनेल उभारलेला नसतानाही हे स्विच स्वतःच्या पत्त्यावर आलेला लिफाफा उघडीत आणि आतले पाकीट पुढे पाठवून देत. दारावरचा पहारा बाहेरचा लिफाफा पाहून माणसाला आत सोडी, आणि आतला मजकूर कोणी तपासत नसे. जानेवारी २०२५ मध्ये बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सारे इंटरनेट धुंडाळून दाखवले, की ४२ लाखांहून अधिक यंत्रे अनोळखी ठिकाणाहून आलेली टनेलची पाकिटे विचारपूस न करता स्वीकारतात. त्यांत घरगुती राउटर होते, तसेच दूरसंचार कंपन्यांची मुख्य उपकरणेही होती. अशा यंत्राचा उपयोग करून हल्लेखोराला आपली ओळख लपवता येते किंवा खासगी जाळ्यात पाऊल टाकता येते.

नवे चोर, जुनी दारे

हे झाले कोणी नकळत उघडे ठेवलेल्या बोगद्यांविषयी. हल्लेखोर आता स्वतःचे बोगदे स्वतःच खोदतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्डेड फ्यूचर या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या दोन महिन्यांत ‘सॉल्ट टायफून’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटाने जगभरातील एक हजाराहून अधिक सिस्को उपकरणांवर प्रयत्न केले. ताबा मिळालेल्या उपकरणांवर जीआरई टनेल उभारून त्यांनी येण्याजाण्याची कायमची सोय करून ठेवली. लक्ष्य केलेल्या उपकरणांपैकी निम्म्याहून अधिक उपकरणे अमेरिका, दक्षिण अमेरिका आणि भारत येथील होती. हा प्रश्न दूरदेशीचा नाही, असे म्हणण्यास एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

चीनचा हा गट एकटा नाही. २० ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकेच्या एफबीआयने रशियाच्या गुप्तचर संस्थेशी संबंधित गटाविषयी इशारा दिला. सिस्कोच्या संशोधकांनीही त्याच दिवशी या गटाचा तपशील मांडला. स्विच नव्याने बसवताना त्याची मांडणी आपोआप व्हावी, यासाठी असलेल्या ‘स्मार्ट इन्स्टॉल’ या सुविधेतील दोषाचा हा गट लाभ उठवतो. त्यानंतर उपकरणाची मांडणी वाचून, हवी ती वाहतूक जीआरई टनेलमधून आपल्या यंत्राकडे वळवतो. या दोषावरील दुरुस्ती मार्च २०१८ मध्येच उपलब्ध झाली होती. म्हणजे सात वर्षे उलटल्यावरही ते दार अनेक ठिकाणी उघडेच होते.

तेरा देशांच्या पत्रातही हेच आहे. हल्लेखोरांनी आजवर अज्ञात असलेला दोष वापरल्याचे तपासात आढळले नाही, असे ते स्पष्ट सांगते. सारे दोष जाहीर झालेले होते आणि त्यांवरील उपायही जाहीर होते. तेव्हा या घुसखोरीचे मूळ हल्लेखोरांच्या विद्वत्तेपेक्षा यंत्रे सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या व्यवस्थेत अधिक आहे. सॉल्ट टायफूनचा गट एका ठिकाणी तीन वर्षांहून अधिक काळ टिकून होता, असे सिस्कोनेच सांगितले. टनेलला देखरेख करणारा मालक नसेल, तर परक्याने खोदलेला आणि आपल्या माणसाने विसरलेला असे दोन्ही बोगदे सारखेच दिसतात.

नागरिकांच्या बोगद्यांवर नजर

भारतात टनेलचा विषय धोरणाच्या पातळीवर आला तो वेगळ्या वाटेने. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने निर्देश काढले. व्हीपीएन सेवा देणाऱ्या कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते व वापराचा हेतू यांची नोंद पाच वर्षे ठेवावी, असे त्यात म्हटले होते. व्हीपीएन हाही टनेलचाच प्रकार. अनेक परदेशी कंपन्यांनी यावर नाराजी व्यक्त करून भारतातील सर्व्हर हलवले. खासगीपणाच्या हक्कावरून तेव्हा बरीच चर्चा झाली. संस्थांच्या अंतर्गत व्हीपीएनना मात्र ही नोंद ठेवण्याची सक्ती नाही, असा खुलासा सर्ट-इनने पुढे केला.

या निर्देशांचा दुसरा भाग कमी चर्चिला गेला, पण आजच्या प्रश्नाशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी आणि सर्व संगणकीय यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात, असे बंधन शासकीय संस्थांसह सर्वांवर आहे. स्विच ही देखील संगणकीय यंत्रणाच आहे. त्याच्यावर टनेल कोणी, केव्हा, कोठून उभारला, याची नोंद या नियमानुसार असायला हवी. तरीही दोन अडचणी उरतात. घुसखोर तीन वर्षे राहत असेल, तर सहा महिन्यांच्या नोंदींत त्याच्या पहिल्या पावलाचा ठसा सापडणार नाही. शिवाय नोंद साठवणे आणि ती वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचणे कोणाचे काम, हे निर्देश सांगत नाहीत. नागरिकाच्या बोगद्याचा हिशेब पाच वर्षे मागणाऱ्या व्यवस्थेने आपल्या उपकरणांवरील बोगद्यांचा हिशेब त्याहून कडक ठेवला पाहिजे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

लहान राज्य, मोठी वाट

गोव्यासारख्या लहान राज्यात कोण कशाला डोकावेल, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर अमेरिकेतच मिळाले आहे. तेथील एका राज्याच्या आर्मी नॅशनल गार्डच्या जाळ्यात सॉल्ट टायफूनचे हल्लेखोर मार्च ते डिसेंबर २०२४ असे नऊ महिने होते, ही माहिती जुलै २०२५ मध्ये उघड झाली. त्या एका जाळ्यातून इतर सर्व राज्यांतील समकक्ष जाळ्यांशी झालेली वाहतूकही त्यांच्या हाती लागली. जोडलेल्या जाळ्यांत लहान टोक हेच आत शिरण्याची सोपी वाट ठरते.

गोव्याचे स्वतःचे असे गोवा ब्रॉडबँड नेटवर्क आहे. खासगी कंपनीच्या भागीदारीत उभारलेले हे जाळे राज्य व तालुका पातळीपासून ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचते. एक-चौदाचा उतारा, जन्म-मृत्यूचे दाखले, निवृत्तिवेतनाच्या योजना, वीज-पाण्याची बिले असा गोमंतकीयांचा सारा लेखाजोखा आता संगणकीय जाळ्यांवर अवलंबून आहे. त्यात पर्यटनाची भर पडते. तेरा देशांच्या पत्रातील लक्ष्यांच्या यादीत हॉटेल व्यवसायाचे नाव आहे, कारण कोण कोठे उतरला आणि कोठे गेला, ही माहिती हेरांना मोलाची वाटते. गोव्यातील हॉटेलांच्या नोंदवह्यांत अशी माहिती रोज भरली जाते.

येथील कोणत्याही यंत्रणेत घुसखोरी झाली आहे, असे यातून सुचवायचे नाही. प्रश्न व्यवस्थेचा आहे. बेवारस बोगदा कसा जन्मतो, हे समजून घेतले की तो स्पष्ट होतो. पावसाळ्यापूर्वीच्या खोदकामात केबल तुटते. कचेरीचे काम अडू नये म्हणून कंत्राटदाराचा अभियंता दुसऱ्या इंटरनेट जोडणीवरून तात्पुरता टनेल उभारून देतो. त्याचे कौतुकच व्हायला हवे. आठ दिवसांनी केबल जोडली जाते, वाहतूक मूळ मार्गावर येते, टनेल तसाच राहतो. वर्षभराने अभियंता नोकरी बदलतो, पुढे कंत्राट बदलते. नवा माणूस तो टनेल पाहतो, वर्णनाची ओळ कोरी असते. काढला आणि काही बंद पडले तर, या भीतीने तो हात लावत नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पण अशा पाच-सहा बोगद्यांच्या गर्दीत सातवा कोणी परक्याने खोदला, तर तो कसा ओळखावा?

काय करता येईल

सारे टनेल बंद करा, असा उपाय कोणी सुचवला तर तो अज्ञानाचा ठरेल. त्याने कचेऱ्या बंद पडतील. सर्व उपकरणे एका दमात बदला, असे म्हणणेही सोपे आहे. खर्चाचा प्रश्न खरा आहे, आणि राज्यांच्या तिजोरीवर इतर मागण्याही आहेत. सुदैवाने पहिली पावले खर्चाची नाहीत.

प्रत्येक टनेलला मालक असावा. वर्णनाची ओळ सक्तीची करून त्यात खाते, हेतू आणि मुदत लिहिली जावी. मुदत संपली की टनेल आपोआप चौकशीस पात्र ठरावा. उपकरणात सध्या चालू असलेली मांडणी आणि साठवून ठेवलेली मांडणी या दोन वेगळ्या असू शकतात. त्या दररोज एकमेकींशी व मंजूर प्रतीशी ताडून पाहता येतात, आणि हे काम यंत्रच करू शकते. जाळ्याच्या सीमेवर टनेलची पाकिटे ज्ञात पत्त्यांखेरीज इतरांकडून स्वीकारू नयेत. ज्या टनेलमधून नागरिकांची माहिती जाते, त्याला आयपीसेकचे कुलूप असावे. उपकरणांचा कारभार पाहण्यासाठी वेगळे जाळे असावे, म्हणजे इंटरनेटवरचा कोणीही परका स्विचच्या नियंत्रणाच्या दारापर्यंत पोहोचणार नाही. ज्या उपकरणांना निर्माती कंपनी आता दुरुस्त्या देत नाही, त्यांची यादी करून ती टप्प्याटप्प्याने बदलावीत.

यावर खात्यांकडून एक आक्षेप येऊ शकतो. जाळ्याचा नकाशा जाहीर केला तर हल्लेखोरांचेच फावेल, असे म्हटले जाईल. ते योग्यच आहे, आणि नकाशा कोणी मागूही नये. पण कार्यपद्धतीविषयी विचारण्यात गुप्ततेचा भंग होत नाही. राज्याच्या उपकरणांवरील टनेलची नोंदवही आहे काय? ती शेवटची केव्हा तपासली गेली, आणि तपासणारा कंत्राटदाराहून वेगळा होता काय? दुरुस्ती जाहीर झाल्यापासून ती बसवण्यास सरासरी किती दिवस लागतात? कंत्राट संपताना उपकरणांची मांडणी लेखी ताब्यात घेतली जाते काय? हे चार प्रश्न विधानसभेच्या कोणत्याही अधिवेशनात विचारता येतील, आणि त्यांची उत्तरे एका पानात मावतील.

रस्त्याचे खड्डे आणि नळाचे पाणी यांवर प्रश्न विचारण्याची गोमंतकीय लोकप्रतिनिधींना सवय आहे. स्विचवरील सहा ओळींचा विषय त्यांना परका वाटणे स्वाभाविक आहे. मात्र ज्या जाळ्यावर जमिनीचे उतारे आणि निवृत्तिवेतन अवलंबून आहे, त्यात कोणकोणते बोगदे आहेत आणि ते कोणाचे आहेत, हे सरकारला सांगता आले पाहिजे. ते सांगता येत नसेल, तर पहिली दुरुस्ती तेथूनच सुरू करावी लागेल.